ठिपक्यांची भिंत

सावली गावात आमच्या शेजारी यशोदाबाई राहतात. त्यांच्या ओट्यावरची भिंत पाहून नवा माणूस हमखास विचारतो, "हिले देवी आल्या होत्या का?" पांढऱ्या चुन्यात जागोजागी नखाएवढे मातकट ठिपके. कारण काय, तर बाई चुना मारताना भिंतीवरच्या पाकोळ्या उठवत नाहीत. मातीच्या रंगाच्या, पंख पसरून भिंतीला चिकटलेल्या इवल्याशा पाकोळ्या. बाई कुंचला त्यांना वळसा घालून पुढे नेतात.

"हुसकावा ना जी!" मी म्हणतो.

"बसू दे ना बाप्पा. अळी असताना वीत-वीत मोजत आली बिचारी. थकली असन."

एकदा माझ्या चपलेवर पाकोळी बसली, तर बाईंनी मला अनवाणी घरी धाडलं. डोकं फिरतं माणसाचं!

यंदा बाईंच्या नातीला पाहायला पाहुणे येणार म्हणून गडचांदूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं आदल्या दिवशी पेंटर पाठवला. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या. पेंटरनं मला बोलावलं. मी तावातावानं गेलो.

"काकू, एका किड्यापायी पोरीची सोयरीक मोडान का?"

बाईंनी पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "तुये काकाजी तलावावरून जाळं घेऊन आले का इथीच टेकत. मी म्हणो, उठा, झाडाचं हाय. उठा, सारवाचं हाय. गेले त्या दिवशीबी उठवलंच मी. कधी बसूच देल्लं नाई रे बाबू."

माझा ताव उतरला. पेंटरनं रोलर ठेवला आणि पिशवीतून बारीक ब्रश काढला. पाकोळ्या वाचवता वाचवता संध्याकाळ झाली.

सकाळी पाहुणे आले, तेव्हा ऑईलपेंट ओलाच होता. नवरदेवाचा आजा थकलेला; आला तसा ओट्यावर बसला आणि खुशाल भिंतीला टेकला. नवाकोरा सदरा! बाईंचा मुलगा ओरडला, "उठा, उठा आजोबा!"

"बसू दे ना बाप्पा त्यायले," यशोदाबाई म्हणाल्या. "रंग तं लागलाच हाय."

म्हातारा हसत सुटला. पोरगी पसंत पडली, चहा झाला, जेवणं झाली, तरी तो दुपारपर्यंत तिथंच टेकून होता. ओट्यावर शितं सांडली होती, विड्याची पानं पडली होती. बाईंनी झाडूला हातही लावला नाही.