ठोकोबाचं नवीन दार

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांचे आईबाप पगारदार आहेत त्यांनी तर ऐकाच. त्या आईबापांचा कर पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे त्यांना ही गंमत कळत नाही.

एका जंगलात ठोकोबा नावाचा सुतारपक्षी राहायचा. ना नोकरी, ना मालक. झाडात ढोली कोरून द्यायची आणि बदल्यात अळ्या घ्यायच्या, हा त्याचा धंदा. कमाईतला चौथा हिस्सा राजाला कर म्हणून जाई. धंद्यासाठी केलेला खर्च मात्र आधी वजा होई. कायदा चांगला होता. लांबून सगळेच कायदे चांगले दिसतात.

त्या वर्षी जंगलात एक धामण आली. ढोलीत शिरून अंडी गिळू लागली. गिऱ्हाइकं म्हणाली, "ठोकोबा, ढोली झकास आहे हो, पण दाराचं काय?"

ठोकोबाच्या स्वतःच्या घरट्यातही अंडी होती. तो हबकला. निम्मी कमाई देऊन तो डोंगरापलीकडे, ढोलीचं तोंड चिखलाने लिंपणाऱ्या धनेश पक्ष्याकडे, म्हणजे धनेश गुरुजींकडे गेला आणि चिखलाचं दार करायला शिकला. पहिलं दार त्याने आपल्याच ढोलीला बसवलं. त्या रात्री नवराबायको निवांत झोपली.

मग तो करअधिकारी घुबडसाहेबांकडे गेला. दिवसाची वेळ होती, साहेब पेंगत होते.

"साहेब, गुरुजींची फी वजा करा. मी नवीन काम शिकलो!"

साहेबांचा एक डोळा उघडला. "नवीन?"

"अगदी नवीन!" ठोकोबा छाती फुगवून म्हणाला.

घात झाला, मुलांनो! 'उजळणी केली' एवढंच म्हणाला असता तर सुटला असता वेडा.

"येतं त्याची उजळणी केलीत तर खर्च वजा," साहेब म्हणाले. "नवीन शिकलात म्हणजे नवा धंदा. तो खर्च तुमच्या हौसेचा."

"पण साहेब, येत असतं तर शिकायला कशाला गेलो असतो?"

"कोकीळ गेलाच की! तळ्याकाठी राहून 'कुहू'ची उजळणी करून आला. जेवणाखाण्यासकट सगळं मंजूर."

निम्मी कमाई फीत गेली होती, उरलेली पोटात; करापुरत्याही अळ्या ठोकोबाकडे उरल्या नव्हत्या. म्हणून त्याचं दार जप्त झालं. सरकारी मालमत्ता सुरक्षित राहावी म्हणून साहेबांनी ते आपल्या ढोलीला बसवून घेतलं. बसवायला ठोकोबालाच बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाला ते काम येत नव्हतं.

ठोकोबाने आता नव्या कामाचा धसकाच घेतला. दुसरं दार करायची त्याची छाती होईना. त्यापेक्षा कोकिळाच्या ओळखीने तो ठोकण्याच्या उजळणीवर्गाला गेला. झाड कशाने ठोकावं यावर तिथे आठवडाभर चर्चा झाली. चोचीने, असं ठरलं. खर्च लगेच मंजूर झाला आणि साहेबांनी पाठही थोपटली.

घरी आला तर बायको ढोलीच्या तोंडाशी बसली होती. ती अळ्या शोधायला गेली तेवढ्यात धामण येऊन गेली होती. आत एकही अंडं नव्हतं.

"अहो, ठोकता तर तुम्हाला येतच होतं," ती म्हणाली. "दार का नाही केलंत?"

मला इथे दरवेळी रडू येतं.

ठोकोबा तसाच साहेबांकडे धावला. साहेब दार लावून झोपले होते. त्याने ठोकलं, फार सुंदर ठोकलं. शेवटी आतून आवाज आला, "अंडी ही घरगुती बाब आहे. वजा होत नाहीत."

तात्पर्य : मुलांनो, जन्मभर शिकत राहा. फक्त जे येत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.