नणंदेच्या पसंतीला धुतलेला सदरा

परटाकडे द्यायचा सदरा मी घरीच धुवायचं ठरवलं. एवढंच केलं मी. पुढचं आपोआप झालं.

स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली असतील. माझी नणंद गोदू, तिला बघायला म्हसळ्याहून पाहुणे यायचे होते. मुलगा तिनं तिथल्या बाजारात पाहिलेला, आणि त्यानंतर आलेल्या दोन स्थळांना नाक मुरडलेलं. सासरे नव्हते, म्हणून बोलणी करायला आमचे हे. ह्यांचा पांढरा सुती सदरा एकच, आणि त्यावर बरोब्बर पोटावर काजूच्या बोंडाचा डाग. आमच्याकडं म्हणतात, हा डाग काजूचा हंगाम सरल्यावरच जातो. पाहुणे काही तोवर थांबणार नव्हते.

मी लिंबू चोळलं, मीठ चोळलं, राखेच्या पाण्यात उकळला, दगडावर असा आपटला की दोन बटणं विहिरीत गेली. डाग उलट न्हाऊनमाखून उठून दिसायला लागला. शेवटी म्हटलं, ऊन खाईल त्याला. अंगणात ऊन उशिरा येतं, म्हणून मागच्या कुंपणावर पसरला. कुंपणावर खाजकुयलीचा वेल वाळत आलेला. त्या शेंगांची लव अंगाला लागली की माणूस नाचतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. (मीही जाणत होते. पण माझं सगळं लक्ष डागावर.)

पाहुणे पाणंदीत दिसले तसा ह्यांनी सदरा अंगात घातला. मुलाचे वडील भागोजी आणि आई आवडाबाई ओटीवर बसले. ह्यांनी एक खांदा हलवला. मग दुसरा. मग पाठ खांबाला घासली.

"मुलीचं वय?" भागोजींनी विचारलं.

"सतरा," हे म्हणाले आणि बगलेत हात घातला.

"घाई हाय का कुठं जायची?"

"न्हाय न्हाय, तुम्ही बसा," म्हणत हेच उठले.

आवडाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. नवऱ्याच्या कानात बोलल्या, पण ऐकू आळीला गेलं. "खरूज हाय. घराण्यातच आसंल. उठा."

दाराआड गोदूचं तोंड एवढंसं झालं. मी पदर सावरून बाहेर आले.

"रोग न्हाय मामा, खाजकुयली हाय. सदरा मीच घातला वाळत, कुंपणावर."

"सगळीच आसं सांगतात," आवडाबाई म्हणाल्या.

"मग हात लावून बघा."

भागोजींनी बाही दोन बोटांत धरून नीट पारखली, आणि तोच हात रुबाबात मानेवरनं फिरवला. जरा वेळानं तेही खांबाला टेकले.

उरलेली बोलणी परसात झाली. दोघं उघडे, शेजारी शेजारी, अंगाला शेण चोळून. (ह्या खाजेला आमच्याकडं दुसरा उतारा नाही.) मानपानावर कुणी हुज्जत घातली नाही, दोघांनाही लवकर अंघोळ हवी होती. मी सदरा काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकला आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

ओटीवर आवडाबाईंनी गोदूला समोर बसवलं. सकाळपासून पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. नाव विचारलं तेव्हा नुसते ओठ हललेले.

"धुणं येतं का ग? शिकवलं कुणी?"

गोदूनं मान वर केली आणि खणखणीत सांगितलं, "येतं. आईनं शिकवलं. वहिनीनं न्हाय."

"मुलगी पसंत," आवडाबाई म्हणाल्या.