ओगल्यांची लाइन

आमच्या गावात गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला, घरी फोन करता येत असे, आणि इंटरनेट येईपर्यंत त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. फोन येत असल्यामुळे श्राद्ध कोणी घालत नसे. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांची माणसं शेजाऱ्यांकडे करत. आमचे अप्पा समोरच्या ओगल्यांकडे करायचे. शकूकाकू गॅलरीतून हाक मारायच्या, "सदा, अप्पांचा फोन!" आणि मी अनवाणी धावायचो. अप्पा फक्त विहिरीची मोटर दुरुस्त झाली का, एवढंच विचारायचे. तरी वर्षभर बरं वाटायचं.

पुढे ओगलेकाका गेले. त्यांचा फोन श्रावण वद्य पंचमीला येऊ लागला. त्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसून फोनजवळ बसायच्या.

त्यांच्या मुलाने, शिरीषने, गावातलं पहिलं इंटरनेट घेतलं. माडीवर काँप्युटर, फोनच्या तारेला मोडेम. मोडेम पुण्याला फोन लावायचा आणि किंचाळून किंचाळून एकदाचा जोडला जायचा. आधी नुसती अक्षरं दिसत. मग चित्रं आली, वरून खाली, सावकाश. गाव बघायला लोटलं. शिरीष परदेशातल्या अनोळखी माणसांना "तुमच्याकडे पाऊस आहे का" असं विचारायचा, आणि ती माणसं चक्क उत्तर द्यायची. अडचण एकच होती. नेट चालू असलं की फोन लागत नसे.

शिरीष काही निष्काळजी नव्हता. वडिलांसाठी त्याने एक दिवस लाइन मोकळी ठेवलीही, पण काँप्युटरमध्ये गेल्या वर्षीची तारीख घालून, आणि तिथी तर दरवर्षी सरकते; त्या वर्षी अधिक महिन्यामुळे ती चांगलीच पुढे गेली. खऱ्या पंचमीला काकू खाली फोनजवळ आणि हा माडीवर नेटवर. पोराला वडिलांची तिथी काय सांगायची, असं काकूंना वाटलं. रिसीव्हर उचलून बघावा, तर तेवढ्यात त्यांनी केला तर? म्हणून त्यांनी तो उचलला नाही. दिवेलागणीपर्यंत बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक्स्चेंजमध्ये घेऊन गेलो. तिथल्या दुधाणेसाहेबांनी चष्मा पुसला.

"लाइन एंगेज होती, काकू. एंगेज लागली की घरचे दुसऱ्या कोणाशी बोलतायत, म्हणजे दुःख ओसरलं, असं धरतात. मग तिकडचं कनेक्शन बंद करतात."

"अहो, पण मी कोणाशीच बोलत नव्हते!"

"असेल. पण नियम तसा आहे."

"मग पुन्हा चालू करा."

"त्याला विनंती पलीकडून यावी लागते. फोनवर."

"त्यांचा फोन तर तुम्ही बंद केलात."

"हो ना," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. मला भयंकर राग आला, पण धरायचा कोणावर ते कळेना.

शिरीषने काकूंचे पाय धरले. त्यांनी त्याला उठवून जेवायला वाढलं. पण ठेवणीतली साडी त्यांनी पुन्हा नेसली नाही.

काकू गेल्या. शिरीष पुण्याला गेला, फोन सरेंडर केला, घराला कुलूप लागलं. तोवर मीही घरी फोन बसवून घेतला होता. मोबाइल मी घेतला नाही. काकूंच्या पहिल्या तिथीला सकाळीच घंटी वाजली.

"सदा, शिरीषला बोलावतोस का रे? आमच्या घरी लाइन नाही लागत."

"काका भेटले का, काकू?"

"भेटले. पण बोलत नाहीत. तू कोणाशी तरी बोलत होतीस, एवढंच म्हणतात. इथेच बसलेत. शिरीषने एकदा सांगितलं ना, की लाइनवर तो होता, तर त्यांचा विश्वास बसेल."

पुण्याला फोन लावायचा तर हा ठेवावा लागला असता, आणि मग लाइन एंगेज, म्हणजे काकूंचंही कनेक्शन बंद. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला. गॅलरीत गेलो आणि समोरच्या कुलपाकडे बघत, काकूंना ऐकू जाईल अशी हाक मारली, "शिरीष, आईचा फोन!"

परत येऊन रिसीव्हर कानाला लावला.

"सावकाश येऊ दे," काकू म्हणाल्या. "आम्ही थांबतो."