न रंगवलेल्या तीन भिंती

"रंग अर्धा कागदावर असतो आणि अर्धा बघणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून सांगते, मुलांच्या रंगकामात लुडबुड करू नका आणि स्वतःच्या डोळ्यांवर फार विसंबू नका," असं चित्रकलेच्या बाईंनी पालकसभेत बजावलं, तेव्हा मिठूची आई घरचा गॅस बंद केला की नाही, हे आठवत होती. कलाकार माणसं, बोलायचीच असं काहीतरी. तिनं मान डोलावली आणि विषय सोडून दिला. काळजी करायला तिच्याकडे याहून भरभक्कम विषय होते.

त्यातला सगळ्यात भरभक्कम विषय वरच्या मजल्यावर राहायचा. घरमालकीणकाकू. भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टी नाही, तेलाचं डोकं टेकून बसणं तर नाहीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे जाताना त्या दारात थबकून म्हणाल्या होत्या, "आले की घर एकदा नजरेखालून घालीन. मग पुढच्या वर्षाचं बोलू." घर गेलं की शाळा गेली. मिठूची ही तिसरी शाळा होती, आणि मधल्या सुट्टीत डबा एकटीनं खायचं बंद झालेली पहिली.

काकू उद्या दुपारी येणार होत्या. आज मिठू हॉलमध्ये जमिनीवर पालथी पडून रंगचक्र रंगवत होती.

"आई, हलू नकोस हं," ती म्हणाली.

हे ऐकून जगातली कुठलीही आई आधी हलते. मिठूची आईही हलली, तिचा पाय ब्रश धुवायच्या मगला लागला आणि मगभर जांभळं पाणी काकूंच्या फिक्या बदामी भिंतीवर गेलं.

ओलं फडकं आणून तिनं भिंत खसाखसा पुसली. ताटलीएवढा डाग परातीएवढा झाला. भांड्यांच्या साबणानं पुसली, तेव्हा भिंतीचा मूळ रंग निघून गेला आणि जांभळा तेवढा राहिला.

"आई, थांब. जांभळ्याच्या समोर रंगचक्रात पिवळा असतो," मिठू म्हणाली. "बाई म्हणतात, समोरासमोरचे रंग एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात."

"मग मारू दे की! बघतेस काय, आण पिवळा!"

रंगांनी एकमेकांना खरोखर मारलं. फक्त मुडदे भिंतीवरच राहिले, गढूळ चिखलाच्या रंगाचे.

आता झाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माळ्यावर मागच्या रंगकामातला पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा होता. मिठूच्या आईनं तो काढला, जुन्या पातेल्यात ओतला आणि मिठूच्या बाटलीतला पिवळा थेंब थेंब घालायला घेतला. तपकिरीचं एक बोट. पुन्हा पिवळा. ट्यूबलाइटखाली पातेलं भिंतीला टेकवून ती डोळे बारीक करून बघत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिची स्वतःची आई होती.

"अगं, तू पाठवलेल्या पांढऱ्या चादरी पिवळ्या पडल्या बघ. किती धुतल्या तरी..."

"आई, साबण बदल. मी नंतर करते फोन, माझं पातेलं वाळतंय."

"कसलं पातेलं?" पलीकडून आवाज आला, पण फोन ठेवला गेला होता.

"जुळला!" मिठूची आई म्हणाली आणि तिनं ब्रश बुडवला.

"पण बाई म्हणतात, ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. आधी कागदावर लावून वाळू द्यायचा."

"बाईंच्या डोक्यावर घरमालकीण बसलेली नाहीये. बाजूला हो."

रंग लागला. केस वाळवायच्या यंत्रानं वाळवलाही. आणि वाळता वाळता त्यानं आपलं खरं रूप दाखवलं: बदामी भिंतीवर पिवळट चौकोन.

"शेजारी कोण बसलंय त्यावरही रंग कसा दिसतो ते ठरतं," मिठू हळूच म्हणाली. "फिक्याच्या शेजारी असला की तो आणखी पिवळा दिसतो."

मिठूच्या आईनं क्षणभर विचार केला. पदवीपर्यंत शिकलेली बाई होती ती. मार्ग काढणं तिला येत होतं. शेजारी नडतोय ना? मग शेजारीच ठेवायचा नाही. तिनं सोफा ओढला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंत रंगवून काढली. जेवायच्या वेळेला हात दुखत होते, केसांत पिवळी बट होती, पण ट्यूबलाइटखाली चारी भिंती एका आईची लेकरं दिसत होत्या.

सकाळी तिनं पडदा सरकवला. तीन भिंती बदामी होत्या आणि चौथीला कावीळ झाली होती.

नवरा कामासाठी परगावी. त्यानं फोनवर सुचवलं, "समोर कपाट लाव ना."

"कपाट भिंतीएवढं असतं का हो?"

"मग दोन लाव."

दुसरं कपाट नव्हतं. तेव्हा सगळे पडदे ओढले, टेबलावरचा पिवळ्या प्रकाशाचा दिवा लावला आणि मायलेकी सोफ्यावर वाट बघत बसल्या. जिन्यावर चपला वाजल्या.

काकू काळा गॉगल लावून आत आल्या. "काय गं, भरदिवसा अंधार? कुणी आजारी आहे का?"

"भिंत," मिठू म्हणाली. तिला चिमटा बसला.

"तुमच्या डोळ्याला उजेडाचा त्रास नको म्हणून, काकू."

"छे छे! डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा फक्कड झालाय. डाव्याचं पुढच्या महिन्यात." काकूंनी स्वतःच सगळे पडदे सरकवले, गॉगल काढला आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. नजर या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. चेहरा कडक होत गेला. मिठूच्या आईनं लेकीचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांपुढे चौथी शाळा उभी राहिली.

"मला न विचारता भिंतींना रंग दिलास?" काकू म्हणाल्या.

"काकू, चूक झाली, मी..."

"चांगल्या बदामी भिंती होत्या माझ्या! इस्पितळासारख्या पांढऱ्याफटक करून ठेवल्यास!" काकूंचं बोट ज्या भिंतींवर फिरलं, त्या तिन्ही भिंतींना कुणी हात लावला नव्हता. मग ते बोट चौथीवर येऊन थांबलं. "आणि ही एवढी बरी सोडलीस? रंग संपला वाटतं!"

जी केली नव्हती ती चूक पदरात पडली होती आणि जी केली होती तिची शाबासकी मिळत होती. कबूल करावं तर काय करावं? गप्प बसावं तर कशाबद्दल?

मिठू मात्र काकूंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. "काकू, तुम्ही उजवा डोळा झाका बरं."

"मिठू!"

"अगं आई, बाई म्हणाल्या होत्या ना, अर्धा रंग डोळ्यात असतो!"

काकूंनी कुरकुरत गॉगल उजव्या डोळ्यापुढे धरला, डाव्यानं पाहिलं. उजवा उघडला. डावा झाकला. पुन्हा उलट.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "या डोळ्यानं बदामी. त्यानं पांढऱ्या."

"जुन्या डोळ्याला सगळंच पिवळट दिसतंय," मिठू खुलली. "पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं. भिंती आहेत तशाच आहेत!"

मिठूच्या आईनं सुटकेचा श्वास घ्यायला सुरुवात केली होती. तो पुरा व्हायच्या आत काकू डावाच डोळा उघडा ठेवून चौथ्या भिंतीकडे वळल्या.

"मग ही अशी पिवळीधमक का दिसतेय?"

निर्दोष सुटून दाराबाहेर पडता पडता पुन्हा पकडलं जावं, तसं झालं. मिठूच्या आईनं मगमधलं पाणी, फडकं, पातेलं, सगळं ओकून टाकलं.

काकू रागावल्या नाहीत. त्या सोफ्याच्या कडेला टेकल्या. "इस्त्रीवाल्याशी मी कडाकडा भांडले होते गं," त्या म्हणाल्या. "पांढरे कपडे पिवळे करतोस म्हणून. त्याआधीच्याशीही. आणि तो आपला शपथा घ्यायचा... एवढी माणसं येतात-जातात, एकानंही विचारलं नाही, की तुम्हाला दिसतं कसं?"

रोज जिन्यात भेटणारी, सगळ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी मिठूची आई खाली बघू लागली.

"भिंतीचं काय करायचं, काकू?"

"राहू दे. या नव्या डोळ्याला तीच माझी वाटते. डाव्याचं ऑपरेशन झालं, की दोन्ही डोळ्यांनी बघून कुठला रंग खरा ते ठरवीन. घाई काय? वर्षभर आहातच की तुम्ही." जाता जाता त्यांनी मिठूला बजावलं, "पण रंग तू कालवायचास. तुझी आई नाही."

दार लागलं. मिठू नाचत सुटली. तिची आई मात्र स्वतःच्या आईला फोन लावत होती.

"आई, चादरींचं जाऊ दे. तुझ्या खोलीतल्या भिंतीचा रंग कुठला गं?"

"पिवळट. का? तूच तर निवडलास."

तिनं पांढराशुभ्र निवडला होता.

तुमच्याकडेही असेल कुणीतरी, हल्लीचे साबण वाईट, हल्लीचे कपडे टिकत नाहीत म्हणणारं. वाद घालू नका, साबणही बदलू नका. ही गोष्ट बाजूला ठेवा, एक कोरा पांढरा कागद घ्या, त्यांच्यापुढे धरा आणि विचारा, याचा रंग कुठला? दूर असतील तर फोन लावा. आत्ताच.