साहेबरावांचे तीन डबे

लुंबिनीची मुलाखत गुरुवारी सकाळी अकराला होती. त्याआधी घरातलं इंटरनेट आपण एकट्यानं, कुणा मेकॅनिकला न बोलावता, पार मागच्या खोलीपर्यंत पोचवणार, असं साहेबरावांनी रविवारीच जाहीर करून टाकलं होतं. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेला माणूस. अर्ध्या लातूर जिल्ह्यातल्या खांबांवर आपण चढलोय आणि उरलेल्या अर्ध्यावर चढणाऱ्यांना आपण शिकवलंय, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. पंचशीलाबाई ते ऐकून घेत आणि कुकर लावत.

अडचण घराच्या आकाराची होती. घर बोळासारखं लांबोडकं. पुढं बैठक, मग जिना, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं लुंबिनीची खोली. इंटरनेट बैठकीत यायचं आणि जिन्यापर्यंत चालून दमायचं. बैठकीत बसून मुलाखत द्यावी तर बाहेर क्लासच्या रिक्षांचा कल्ला. मोबाइलच्या नेटचं तर नावच नको. गल्लीत दोन क्लास आणि पाच होस्टेलं, सकाळी सगळी पोरं एकाच टॉवरला लोंबकळलेली. फोनवर सिग्नलची एक कांडी दिसली तरी लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवायचे.

नोकरी पुण्याच्या कंपनीची होती, पण घरी बसून करायची. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि निस्तरायच्या. अट एकच, घरचं नेट पक्कं पाहिजे. साहेबरावांचा सगळा जीव त्या 'घरी बसून'मध्ये अडकला होता. थोरला आनंदराज हैदराबादला गेला तो गेलाच, वर्षातून एकदा भीमजयंतीला येतो. निदान लेक तरी घरात राहावी, संध्याकाळी समोर बसून भाकरी खावी, एवढंच त्यांना हवं होतं. हे ते कुणाजवळ बोलले नव्हते. त्याऐवजी ते नेटबद्दल बोलत, आणि फार बोलत.

तोड आनंदराजनंच फोनवरून सांगितली. मेश बसवा. एका डब्याऐवजी तीन डबे. पहिल्यानं नेट घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, की झालं घरभर जाळं. मंगळवारी पार्सल आलं. साहेबरावांनी ते अंगणातच फोडलं. आत नेऊन फोडलं असतं तर गल्लीला कसं कळलं असतं?

इथं एक गोष्ट सांगायला हवी. खात्यात असताना साहेबरावांनी तांब्याच्या तारा पकडीपेक्षा दातांनीच जास्त सोलल्या. त्यात पुढचे दात गेले आणि दिवाळीनंतर कवळी आली. कवळी दिसायला छान होती, पण तिच्यातून 'श' बाहेर पडताना हमखास 'स' होऊन पडायचा.

आणि शेजारी, भिंतीपलीकडं, केवळाबाईंची मेस होती. समोरच्या होस्टेलातल्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या चाळीस मुली तिथं दोन वेळा जेवत. केवळाबाई भिंतीपाशी डाळ पाखडत होत्या.

"काय आणलं भाऊ?"

"डबे. घरात मेस चालू करायलोय."

केवळाबाईंचं सूप थांबलं. "मेस? तुम्ही?"

"हाव. रिटायर झालो म्हणून हात गेले का माझे? पोरगा म्हणला, आता जुन्या पद्धतीनं भागत न्हाई. घरोघरी हेच व्हायलंय."

"किती जणांची सोय म्हणायची?"

"खोक्यावर संभर लिहिलंय. मी म्हणतो, एका टायमाला पन्नास बसले तरी कमी पडणार न्हाई."

केवळाबाई सूप घेऊन तडक आत गेल्या. बाई दिपल्या, असं साहेबरावांना वाटलं.

भिंतीला कान असोत नसोत, मेसला असतात. संध्याकाळी क्लास सुटल्यावर सात-आठ मुली साहेबरावांच्या फाटकाशी येऊन थांबल्या. पुढं देगलूरची मनिषा. केवळाबाईंच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला जागा नव्हती, पण तिसरी पोळी मागितली की त्या मागणाऱ्या मुलीकडं अशा बघत, की दुसरीही परत ठेवावी वाटे.

"काका, खरंच का, तुमच्याकडं चालू व्हायलंय?"

"हाव. गुरुवारी सकाळपासून."

"आम्हाला मिळंल?"

साहेबरावांना भरून आलं. शिकणारी लेकरं, आईबापापासून लांब, आणि नेटवाचून अभ्यास अडलेला. "मिळंल की. कोण न्हाई म्हणायलंय?"

"दोन्ही टाइम?"

"चोवीस तास."

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. "पण घरगुतीच हाय ना काका?"

"एकदम घरगुती. धंद्याचं वेगळं असतंय, ते आपण घेतलंच न्हाई."

"आणि लिमिट?"

"अनलिमिटेड," साहेबराव म्हणाले.

मुली जवळजवळ पळतच गेल्या. आजकालच्या पोरांत ज्ञानाची किती ओढ आहे, यावर साहेबराव जेवताना बराच वेळ बोलले.

बुधवार सगळा डबे मांडण्यात गेला. साहेबरावांच्या पायाला भिंगरी लागली होती. पहिला डबा बैठकीत, दुसरा जिन्यात, तिसरा लुंबिनीच्या खोलीत. मग दुसरा जिन्यातून स्वयंपाकघरात, मिक्सर चालू झाला की परत जिन्यात. पांढरा दिवा लागला की नेट पोचलं, लाल लागला की गेलं. हातात फोन धरून ते पुढून मागं आणि मागून पुढं इतके फिरले, की पंचशीलाबाईंनी त्यांच्या हातात केरसुणी दिली. फिरताच आहात तर झाडून तरी घ्या, म्हणाल्या. लुंबिनी मागं बसून प्रश्नोत्तरं पाठ करत होती. दर दहा मिनिटांनी बाप डोकावून विचारायचा, आलं का? संध्याकाळी तिन्ही दिवे पांढरे झाले. साहेबरावांनी मागच्या खोलीतून बैठकीतल्या बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"दिसायलो का मी?"

"बत्तीस वर्षं दिसायलाव," पंचशीलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी नऊला चौदा मुली रिकामे डबे घेऊन अंगणात हजर झाल्या. डब्याकडं साहेबरावांचं लक्षच गेलं नाही. पासवर्ड अकराच्या मुलाखतीनंतर द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून ते म्हणाले, "बसा, बारापर्यंत सगळ्यांना देतो." मुली शिस्तीत ओट्यावर बसल्या. पंचशीलाबाईंनी खिडकीतून पाहिलं. दारात आलेल्या चौदा लेकरांना कोरडंच बसवून ठेवायचं त्यांना पटेना. त्यांनी मुरमुरे भिजवले आणि मोठ्या पातेल्यात त्यांचा सुशीला फोडणीला टाकला. कढीपत्त्याचा वास भिंतीपलीकडं गेला.

पलीकडं केवळाबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी खाली वाकून पाहिलं. ओट्यावर आपल्याच चौदा मुली, मांडीवर डबे. मग त्यांनी समोर पाहिलं. साहेबरावांच्या इंटरनेटची तार खांबावरून यायची ती केवळाबाईंच्या गच्चीवरून, त्यांच्याच कपड्यांच्या दोरीला बांधलेली. दोन वर्षांपूर्वी साहेबरावांनी विचारलं होतं आणि त्यांनी शेजारधर्म म्हणून हो म्हटलं होतं. तो शेजारधर्म केवळाबाईंनी त्या क्षणी सोडला, गाठीसकट.

दहा वाजून वीस मिनिटांनी घरातले तिन्ही दिवे लाल झाले.

साहेबराव जिना चढून गच्चीवर गेले तर तार खाली लोंबत होती, मधोमध मोडलेली. पलीकडच्या गच्चीवर केवळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"तार कुणी तोडली?"

"मी फकस्त सोडली. माझ्या पोरी पळवायच्या आन् तार माझ्याच दोरीला बांधायची, ही कुठली रीत?"

"कुणाच्या पोरी? माझ्या लेकीची अकराला मुलाखत हाय!"

"मग मेस कशाला काढली?"

"अहो मेस न्हाई, मेस!" साहेबराव म्हणाले. "मेस वेगळी, मेस वेगळी. तुमची ती मेस. माझी ही मेस." दर वेळी ते जास्त सावकाश आणि जास्त मोठ्यानं बोलत होते, आणि दर वेळी कवळी तेच करत होती.

शेवटी लुंबिनी वर आली. तिनं जिन्यातला डबा काढून आणला होता. कठड्यावरून तिनं तो केवळाबाईंच्या हातात दिला. "मावशी, मेश. वायफायचे डबे हायत हे. जेवणाचे न्हाईत."

केवळाबाईंनी तो पांढरा, बिनझाकणाचा डबा उलटा करून पाहिला, हलवून पाहिला. "ह्याच्यात भाजी कुठं मावंल," त्या पुटपुटल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

साहेबरावांनी तारेचं टोक उचललं. तांब्याची असती तर त्यांनी डोळे मिटून जोडली असती. ही फायबर. आत केसाएवढा काचेचा धागा, त्याला ना पकड उपयोगाची ना दात. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला दोन वाजेपर्यंत येतो. दहा चाळीस झाले होते. एकतीस वर्षं लोकांच्या घरी लाइन जोडून दिली, आणि आपल्या लेकीच्या वेळेला आपल्याला एक तार जोडता येत नाही. तीही आपल्याच तोंडामुळं तुटली. साहेबराव कठड्यावर मटकन बसले. त्यांना खरोखर रडू येत होतं.

"चल गं पोरी," केवळाबाई म्हणाल्या. "माझ्याकडं नेट हाय. लॅपटॉप आण."

केवळाबाईंचं नेट मेसच्या जेवणाच्या खोलीत, मसाल्याच्या फळीवर होतं आणि त्या खोलीबाहेर ते पाऊल टाकत नसे. पोळ्यांच्या टेबलावरचं पीठ पुसून लुंबिनी बसली, आणि अकराच्या ठोक्याला क्लास सुटून उरलेल्या सव्वीस मुली जेवायला आल्या. केवळाबाई डाव घेऊन दारात उभ्या राहिल्या. जी बोलेल तिला आठवडाभर पिठलं, एवढंच त्यांनी सांगितलं. सव्वीस मुली बिनआवाजाच्या जेवू लागल्या. कुणी पापड घेतला नाही.

पडद्यावर तीन माणसं होती. सुरुवात चांगली झाली. साहेबराव मेसमधल्या पाण्याच्या टाकीमागं उभे राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मधल्या साहेबांनी विचारलं, "समजा चिडलेला ग्राहक थेट तुमच्यासमोर आला, तर तुम्ही काय कराल?"

तेवढ्यात मागच्या दारानं चौदा जणी आत आल्या. सुशीला खाऊन झाला होता, बारा वाजत आले होते आणि कुणी काही देण्याचं चिन्ह नव्हतं.

"लुंबिनीताई," मनिषा म्हणाली, "काका बोलले दोन्ही टाइम अनलिमिटेड. आमचा डबा कुठाय?"

"गेल्या होत्याव ना तिकडं?" केवळाबाईंचा डाव वर गेला. "मग आता तिकडंच जावा."

साहेबरावांनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

लुंबिनीनं पडद्याकडं बघून एक मिनिट मागितलं आणि खुर्ची वळवली. "मनिषा, चूक आमच्या घरून झाली. पप्पा वायफायबद्दल बोलत होते. ते दुपारी चालू होईल, पासवर्ड मी तुम्हाला स्वतः आणून देते आणि ते खरंच अनलिमिटेड हाय. जेवण मात्र मावशींचंच. मावशी, ह्या तुमच्यावर रुसून गेल्या न्हाईत. तिसऱ्या पोळीसाठी गेल्या. तेवढी एक पोळी वाढवाल का?"

केवळाबाईंनी मुलींकडं पाहिलं, मग लॅपटॉपकडं पाहिलं. त्यातून तीन परके पुरुष टक लावून बघत होते. परक्यांसमोर पोळीला नाही म्हणणं त्यांच्यानं झालं नाही. "वाढते की," त्या म्हणाल्या. "बसा गं."

लुंबिनी परत वळली. "सॉरी सर. तुमचा प्रश्न काय होता?"

मधले साहेब म्हणाले, प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पुढच्या मंगळवारी पत्र आलं. साहेबरावांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचायला घेतलं. निवड झाली होती. इथपर्यंत आवाज खणखणीत होता. पुढं लिहिलं होतं, की एवढ्या गोंधळात शांतपणे काम करणारी व्यक्ती घरी बसवून ठेवणं योग्य होणार नाही. त्यामुळे तुम्हाला घरून कामाऐवजी पुण्याच्या कार्यालयातच, वरच्या जागेवर घेत आहोत. पहिल्या तारखेला हजर व्हावं. ही ओळ साहेबरावांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मनातल्या मनात. मग ते पेढे आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. केवळाबाईंनी चाळीस पोरींना शिरा केला.

लुंबिनी गेल्यावर साहेबरावांना घर खायला उठायचं. कंपनीच्या माणसानं तार जोडून दिली होती, मागच्या खोलीत नेट धो धो यायचं, आणि त्या खोलीत आता ज्वारीची पोती होती. ते आत जायचे, दिवा पाहायचे, बाहेर यायचे.

दुसऱ्या रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. जेवण कसंय, खोली कशीय, सगळं झाल्यावर तिच्या तोंडून निसटलं की होस्टेलवर नेट जरा कमीच येतंय.

साहेबराव ताठ बसले. "भिंत किती इंची हाय? दरवाजा लोखंडी का लाकडी? मी येतो, दोन दिवसांत सगळं करून देतो."

लुंबिनीचा चेहरा पडला. "पप्पा, तुम्ही इकडं या—"

आणि ती तोंड उघडं ठेवून पडद्यावर तशीच थिजली. मग पडदाच काळा झाला.

साहेबराव पंचशीलाबाईंकडं वळले. त्यांचे डोळे भरले होते. "ऐकलंस का? पोरगी या म्हणली मला."

ते स्टूल घेऊन माळ्यावरची बॅग काढायला गेले. तेवढ्यात पंचशीलाबाईंच्या फोनवर मेसेज आला. 'आई, पप्पांना सांग, यायची अजिबात गरज न्हाई. प्लीज.'

पंचशीलाबाईंनी तो वाचला. आतून साहेबरावांची शीळ ऐकू येत होती, दिवाळीनंतर पहिल्यांदाच, कवळीमुळं फाटकी. त्यांनी फोन पालथा ठेवला.

"सकाळची गाडी बघा," त्या म्हणाल्या. "जवसाची चटणी कुटून देते, तेवढी तिला घेऊन जावा."