मानेचं पान

"खाली लागलं, तर तुझं ते पुस्तक माळ्यावर जाईल आणि बाल्कनीत माझ्या बरण्या येतील," असं बजावून रादोयकाने नवऱ्याला आयवाराच्या, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या, पातेल्यापाशी उभं केलं आणि ती उरलेल्या मिरच्या भाजायला अंगणात गेली.

मिलुतिनने जन्मभर लेस्कोवाट्स शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोक गळ टाकून बसतात. याने सांख्यिकीय भौतिकी धरली, तीही आपली आपण. बाल्कनीतली खुर्ची आणि ते जाडजूड पुस्तक, एवढंच त्याचं सुख. तिसरं प्रकरण मात्र दाद देत नव्हतं. हवेचे कण मनाला येईल तिकडे धावतात, तरी खोलीभर हवा सारखी कशी? एका हाताने ढवळत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून तो वाचत होता आणि एकदम त्याला ते कळलं. आनंदाच्या भरात हात थांबला आणि आयवार करपला.

धूर कोंडला. त्याने खिडकी उघडली, मग समोरचं दारही. दोन्हींच्या मधोमध सासूबाई स्तानिया बसल्या होत्या.

"प्रोमाया!" त्या मान धरून किंचाळल्या. "आरपार वारा! जावईबापू, जीव घेता का माझा?"

"आई, हवेच्या कणांचं तुमच्या मानेशी काय वैर? ते सगळीकडे सारखे पसरतात. सगळे एकदम मानेवर येणं जवळजवळ अशक्य."

"जवळजवळ?"

मिलुतिनने पुस्तकाकडे पाहिलं. खोटं बोलून सुटला असता. पण इतक्या कष्टाने कळलेल्या शास्त्राशी बेइमानी करवेना.

"म्हणजे... शक्यता असते. अगदी नसल्यासारखी, पण असते."

"पुस्तकात आहे?"

"आहे."

तेवढ्यात रादोयका धावत आली. तिने पातेलं पाहिलं आणि पुस्तक हिसकावलं. "चाललं हे माळ्यावर!"

"खबरदार!" सासूबाई ताडकन उठल्या. "वाऱ्याने मान धरते म्हटलं, तर डॉक्टर हसले मला. शेजारची वेर्का अजून हसते. या पुस्तकात माझी मान आहे! ते बाल्कनीतच राहील. बरण्या ठेव माझ्या पलंगाखाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरच्या भाजणाऱ्या बायकांपुढे जावयाला बसवलं. "वाचा, जावईबापू. ते मानेचं पान."

पुस्तकात मान कुठेच नव्हती. मिलुतिनने घसा खाकरला. "मान तिसऱ्या प्रकरणात आहे. पण पहिलं कळल्याशिवाय ती कळायची नाही."

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. बायका हसतील म्हणून तो मान वर करत नव्हता. दोन पानं झाली असतील, तोच वेर्का ओरडली, "थांब रे मिलुतिन! मिरच्या उलटून येते. तोवर पुढे जाऊ नकोस."