आक्षेपांचा सराव

घरच्या घरी सराव करायचं मी ठरवलं, तिथून सगळं सुरू झालं.

मी राहते जर्मनीत, बोब्लिंगेनमध्ये आणि शिकते स्वीडनमध्ये. म्हणजे पहिलं सेमिस्टर ऑनलाइन आणि जानेवारीपासून प्रत्यक्ष तिकडे. लग्न मधेच झालं. (अर्ज आधी केला होता, स्थळ नंतर आलं. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही.)

तर या स्वीडिश लोकांकडे एक रीत आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध वाचायचा आणि सगळ्यांसमोर, त्याच्या तोंडावर, त्यात खोट काढायची. आपल्याकडे हे काम लग्नाच्या पंगतीत होतं, पण निदान पाठीमागे तरी. यात पास झालं तरच पुढचं सेमिस्टर. पहिल्या खेपेला मी म्हणाले, प्रबंध फार छान आहे. आमच्या बाई इंग्रिड (त्यांना नावानं हाक मारायची असते, म्हणून मी अजून हाकच मारलेली नाही) म्हणाल्या, हे कौतुक झालं, आक्षेप कुठे आहे? पुढच्या गुरुवारी पुन्हा ये.

त्याच सुमारास सासू-सासरे पुण्याहून आले होते. आल्या आल्या आई म्हणाल्या होत्या, पुढचं सेमिस्टरही इथूनच कर, कम्प्युटर आहेच की. मी सवयीनं "हो" म्हणाले. म्हणजे नापास झाले तर प्रश्नच मिटला आणि पास झाले तर घरात तोंड उघडावं लागणार. जायचं तर मला होतंच. तिकडच्या लायब्ररीचे फोटो मी पोळ्या करतानासुद्धा बघत होते.

घरीच सराव करू का, असं निहारला विचारलं. (निहार म्हणजे माझा नवरा. गाड्यांचे ब्रेक तपासतो.) "गेनाऊ. कर ना सराव," तो म्हणाला. हा जर्मन होकार तो मराठीतही देतो, विशेषतः ऐकलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी आईंनी उपमा केला. पद्धत अशी असते की आधी जमेच्या बाजू सांगायच्या, मग आक्षेप. मी खाकरले.

"आई, उपम्याचा रंग सुंदर आला आहे. इथे ताजा कढीपत्ता मिळवलात, हेही मोठं काम. पण पाणी किती घालायचं, हे कशावरून ठरवलंत?"

आईंचा झारा हवेतच राहिला. "का गं?"

"जरा घट्ट वाटला."

लग्नानंतरचं माझं हे सर्वांत धाडसी वाक्य होतं. निहारनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. मी घाईघाईनं परीक्षेचं सांगितलं, तसा आईंचा चेहरा निवळला. अभ्यास म्हटलं की त्यांना काहीही चालतं. उलट त्यांनी फार मनावर घेतलं. रोज नवा पदार्थ, रोज नवा आक्षेप. माझा आवाज पडला की म्हणायच्या, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांग, माझा उपमा कसा होता?"

गोची अप्पांनी केली. माझे सासरे इतके दिवस मान खाली घालून जेवत होते. एका दुपारी आमटीत चमचा फिरवत म्हणाले, "मीही एक मांडू का? हिच्या सरावाला मदत म्हणून."

जमेच्या बाजूंना त्यांनी फाटाच दिला. आमटीतला गूळ, थालीपिठाची जाडी, पाहुण्यांदेखत त्यांना मिळणारा अर्धा कप चहा. संसारभर साठवलेलं सगळं त्या एका जेवणात बाहेर आलं. निहार म्हणाला, "गेनाऊ." या खेपेला त्यानं ऐकलेलं होतं, हे त्याचं दुर्दैव.

आईंनी झारा खाली ठेवला. त्यानंतर घरात काळा जर्मन ब्रेड आणि उकडलेले बटाटे सुरू झाले. ब्रेड असा, की निहारनं ब्रेकसोबत तपासायला न्यावा. बोलणं माझ्यामार्फत व्हायचं.

"तुझ्या सासऱ्यांना सांग, बटाट्यात गूळ घातलेला नाही."

गुरुवारी मी अर्धपोटी कॅमेऱ्यासमोर बसले. समोर एमिल नावाचा सालस मुलगा. त्याचा विषय, शाळांतलं वाया जाणारं जेवण. जमेच्या बाजू मी पटकन उरकल्या. मग विचारलं, जेवण आवडतं का हे तुम्ही प्रत्येक मुलाला विचारलंत, पण त्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईला काय वाटलं, ते विचारलंत का? आणि ती उद्यापासून आलीच नाही तर? माझा आवाज कधी चढला, मलाच कळलं नाही. एमिल बराच वेळ पाणी पीत राहिला. इंग्रिड म्हणाल्या, पास. पुढच्या वेळी जरा सौम्य.

त्या आनंदात आईंनी मसालेभात टाकला. (अप्पांनी फक्त जमेच्या बाजू सांगितल्या, त्याही दोनदा.) तूप वाढून झालं आणि मी घास बाजूला ठेवला.

"आई, पुढचं सेमिस्टर इथून करावं असं मला वाटत नाही. मला जानेवारीत तिकडे जायचंय."

अप्पा कौतुकानं म्हणाले, "मुद्दा स्पष्ट होता. जमेच्या बाजू राहिल्या."

"अहो, परीक्षा झाली तिची," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सराव नाही ना हा?"

मी मान हलवली.

"मग आधीच सांगायचंस. मला वाटलं, नवीन लग्न, तुझाच पाय निघत नसेल. म्हणून मी तुझी बाजू घेत होते. जा की."

इतकं सोपं होतं. आता विरह फक्त निहारला होणार होता. मी त्याच्याकडे वळून विचारलं, तुझा काही आक्षेप? तो हात पुसून नीट बसला आणि पद्धतीप्रमाणे त्यानं जमेच्या बाजूंपासून सुरुवात केली. आमचा भात संपला, ताक झालं, आईंनी ताटं उचलली. मी वाट पाहत बसले होते, पण आक्षेपांपर्यंत तो काही पोचलाच नाही.